उतरवून घेतलेला नाच

गावच्या बोहाड्यात, मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, संबळ वाजू लागला, तरी नरसिंहाचा मुखवटा चढवलेला रामजी भोये जागचा हलेना. तीस वर्षं हे सोंग नाचवणाऱ्या रामजीला पहिलं पाऊलच आठवत नव्हतं.

गाण्याच्या व्हिडिओसाठी दिग्दर्शिका ईशानीने यंत्र लावून त्याच्या मेंदूतून नाच उतरवून घेतला होता.

“नक्कल निघेल असं वाटलं होतं,” दुसऱ्या दिवशी ती मान खाली घालून म्हणाली. “मूळच निघून आलं. परत घालता येत नाही.”

रामजीने व्हिडिओ लावायला सांगितला. त्यात त्याच्या नाचात स्पेनचे, आफ्रिकेचे नाच बेमालूम मिसळले होते.

“यातली माझी पावलं कंची?” त्याने बायकोला विचारलं.

वर्षानुवर्षं त्याचा नाच बघत आलेली जनी पदर खोचून उठली. तीन पावलं तिने बिनचूक टाकली. चौथ्याला पाय उचलून ती पडद्याकडे बघत राहिली, मग खाली बसली.

“आता मलाबी सांगता येईना,” ती म्हणाली.