रिकाम्या साइटवरची मखमल

मांडीवरचं झाड जगलं, तर नरसिंगरावांच्या पदरात आणखी एक रविवार पडणार होता. चिकपेटेत आयुष्यभर कापड विकलेला माणूस. तोट्याचा माल उचलायची त्यांना सवय नव्हती. म्हणून देवनहळ्ळीहून येलहंक्याला परतणाऱ्या बसमध्ये ते गळकी पिशवी कुशीत घेऊन ताठ बसले होते. लांब पाती पुढच्याच्या कानाला लागत होती. "यजमानरे, ह्याचंही अर्धं तिकीट लागेल," कंडक्टर म्हणाला, आणि हसत हसत खरंच फाडलं.

रविवार म्हणजे मुग्धा. पुण्याची पोरगी, इथे संशोधनाला आलेली. शहरात आणि शहराभोवती, न लावता आपोआप काय काय उगवतं, त्याची पाहणी करायची. नरसिंगरावांच्या घराला लागून त्यांचीच एक रिकामी साइट, म्हणजे मोकळा प्लॉट, होती. तिथला टाकळा, आघाडा, गाजरगवत बघायला ती दर रविवारी यायची. आणि ती यायची म्हणून त्यांची बायको तुंगाबाई शनिवारपासूनच बोलायला लागायच्या. लेक रूपश्री लग्न होऊन हुबळीला गेल्यापासून त्यांना मराठीत भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. एसटीडी बूथवर मीटर पळताना भांडण रंगत नाही. नवरा होता, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तो घरी यायचा तो संपूनच. दुकान सोडल्यावरही ती सवय काही सुटली नव्हती.

पंचाईत होती ती मुग्धाच्या नियमाची. लागोपाठ तीन खेपा नवीन काही सापडलं नाही, की जागा संपली, मग दुसरीकडे. दसऱ्यानंतर दोन खेपा कोऱ्या गेल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी नरसिंगरावांनी होसकोट्याजवळून पिवळ्या फुलांचं एक झुडूप उपटून आणलं आणि भिंतीकडेला लावलं. मुग्धाने वाकून त्याची मुळं चाचपली आणि हसली. माल पटला! तेव्हापासून दोन खेपा कोऱ्या गेल्या की नरसिंगराव बस पकडायचे. तुंगाबाईंना सांगायचे, "स्वल्प पाय मोकळे करून येतो."

यावेळचा माल मात्र उंची होता. तळ्याकाठी उभं, सडपातळ, टोकाला तपकिरी मखमलीचं कणीस. नाव ठाऊक नव्हतं. पोत बघूनच उचललं होतं.

रविवारी मुग्धा साइटवर आली आणि जागीच थबकली. मार्चच्या उन्हात, भेगाळलेल्या मातीत, दोरीवरच्या लुगड्यांशेजारी ते झाड मान टाकून उभं होतं.

"अण्णा, हे पाणकणीस आहे," ती म्हणाली. "हे चिखलात, पाण्यात उगवतं."

नरसिंगरावांनी दुकानात कधी केलं नव्हतं ते केलं. मालातलं वैगुण्य आपण होऊन सांगितलं.

"मीच लावलं. ते पिवळंही मीच. तुझी पाहणी नासवली पोरी. आता ही जागा बाद करशील."

"बाद? ती दिवाळीतच केली," मुग्धा म्हणाली. "पिवळ्याच्या मुळांना शर्टिंगची चिंधी गुंडाळलेली होती, अण्णा. तुमच्या साइटवर कापडही आपोआप उगवतं का? त्याच आठवड्यात मी दुसरी जागा धरली. तिकडे शनिवारी जाते."

"मग इकडे रविवारी...?"

आतून तुंगाबाईंचा आवाज आला. "अगं मुग्धा, दोसे गार होऊन चालले! त्या गवतात काय सोनं पुरलंय?"

"आले, अक्का!" ती ओरडली, आणि नळावर हात धुऊन आत पळाली. लगेच दोघींचं भांडण सुरू झालं, चटणीत गूळ घालावा की नाही यावरून.

नरसिंगरावांनी उन्हात उभ्यानेच हिशेब केला. त्यांचं गेलं होतं बसचं भाडं, आणि एका खेपेला झाडाचं अर्धं तिकीट. दिवाळीपासूनचे सगळे रविवार मात्र त्या पोरीने पदरचे घातले होते.