आमचं आम्हाला

धरणं आटल्यापासून सगळं शहर आपलंच सांडपाणी गाळून पीत होतं. फक्त नंदनवन सोसायटीने अर्ज केला: 'शेजारच्या वस्तीचं पाणी नको, आमचं आम्हालाच परत द्या.' शुद्धीकरण केंद्राच्या प्रमुख सुलभाताई लोंढे यांनी हसत सही केली. तुरटीने खाली बसणाऱ्या गाळात आणि मेम्ब्रेनच्या गाळण्या धुण्यात रोजच्या फेरीला पाव हिस्सा पाणी जातं आणि बाकी शहरासारखी ती तूट विहिरींच्या पाण्याने भरून मिळणार नाही, हे त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी सोसायटीचे चेअरमन दिघे कोरड्या घशाने केंद्रावर आले. "बाई, आता कुणाचंही चालेल. घोटभर द्या."

सुलभाताईंनी वस्तीच्या नळावर तांब्या भरला आणि उंच धरला. याच सोसायटीची गटारं उपसून वर आलेल्या त्यांच्या वडिलांना असंच पाणी मिळायचं.

"ओंजळ करा," त्या म्हणाल्या. "तांब्याला शिवू नका."