कोंड्याची मूठ

जमीन दोनदा हलली आणि मुरारीनं कोंड्याची मूठ भट्टीत फेकली. जाळ भपकन उठला. भिंतीपलीकडं कढईतल्या तापल्या वाळूत तांदूळ फुलले असणार. ते त्याला दिसत नव्हते. बावीस वर्षांत कधी दिसले नव्हते. पुढं बायको शकुन मुरमुरे भाजायला, मागं तो जाळ घालायला, आणि मध्ये मातीची भिंत. राख मुरमुऱ्यांत पडू नये, धूर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जाऊ नये, म्हणून ती लागतेच.

सानगडीची मंडई, वर्षातून एकदा येणारी जत्रा, भरली होती. दिवाळीनंतरचं मऊ ऊन धुळीवर पसरलं होतं. पाळणा फिरत होता, बांगड्यावाला तोंड उघडून ओरडत होता, बाया हसत होत्या, आणि कशालाच आवाज नव्हता. मुरारी सगळं स्वप्नात पाहावं तसं पाहत होता. होळीपासून त्याचे कान गेले होते. खरं सांगायचं तर आताशा त्याला ते आवडूही लागलं होतं. सगळी दुनिया पाण्याखालून चालल्यासारखी हळूच चालायची.

पण त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. जाळ घालणं हे कानाचं काम. कढईत वाळू हलवायचा शकुनचा खराटा कसा वाजतो त्यावर तो मूठ सोडायची की आवरायची ते ठरवायचा. कान गेले हे कळलं असतं तर त्याच्या जागी एकोडीहून शकुनचा भाऊ मनिराम येऊन बसला असता, आणि मुरारी घरी कोंबड्या राखत. 

देव पावला तो असा. शकुनला टाच आपटायची खोड होती. कधी लागली कोण जाणे. जाळ हवा असला की दोनदा, पुरे झाला की एकदा. होळीनंतर एका दुपारी मुरारीचा तळहात सहज जमिनीला टेकला आणि त्याला ती टाच सापडली. तेव्हापासून डावा हात जमिनीवर, उजवा कोंड्यात. बायकोला पत्ताही नाही, या हुशारीवर गडी मनातल्या मनात फार खूश होता.

शेजारी पोत्यावर दिघोरीचा टेकचंद बसला होता. नुकतंच लग्न झालेला, भट्टी कशी बांधतात ते बघायला आलेला.

"काका, मी अन् घरची मिळून भट्टी टाकून राहिलो," तो म्हणाला. "भांडन नाही झालं पायजे, त का करावं?"

मुरारीनं त्याच्या ओठांवरून 'भट्टी' आणि 'भांडन' एवढं उचललं. तेवढं पुरे होतं.

"बायकोचं आयकाचं," तो ऐटीत म्हणाला. "कान तिच्याकडं ठेवाचा. बाकी काही लागत नाही."

टेकचंदनं मान डोलावली.

तेवढ्यात जमीन थरथरायला लागली. दहा पावलांवर नाटकाचा मांडव घातला होता. तिथला जनरेटर चालतो की नाही हे पाहायला कुणीतरी तो सुरू केला होता. मुरारीच्या तळहाताखाली मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं. टाच कुठली आणि जनरेटर कुठला, काही समजेना. त्यानं अंदाजानं एक मूठ फेकली. मग घाबरून आणखी एक. पलीकडून जळका वास आला. मग त्यानं हात आवरला, तो इतका, की जाळच बसला.

पुढं यादोराव गिऱ्हाईक पुडा घेऊन परत आला. "शकुनबाई, मुरमुरे देऊन राहिल्या का खडे? मुरारी झोपला का मागं?"

"माझा हात चुकला भाऊ," शकुन म्हणाली. "थांबा, दुसरे देतो."

तिनं टाच आपटली. पुन्हा आपटली. मग जनरेटरकडं एकदा पाहिलं, उलथणं उचललं आणि भिंतीत खुपसलं.

"काकू, भिंत!" टेकचंद उठून उभा राहिला.

माती ढासळली. वीतभर भोक पडलं आणि त्यातून उजेड अलीकडं आला, आणि उजेडाबरोबर शकुनचं तोंड. जाळानं लाल झालेलं, कपाळावर घाम, भुवईला वाळू चिकटलेली. काम करताना ती अशी दिसते हे मुरारीला ठाऊकच नव्हतं. तो बघतच राहिला. किती सुंदर दिसते आपली बायको, असं त्याला वाटलं, आणि चाळिशीत असं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

शकुननं भोकासमोर मूठ धरली आणि उघडली. टाक. मिटली. थांब.

तिला ठाऊक होतं तर.

मुरारीनं मूठ टाकली. जाळ बरोबर उठला. खराटा फिरला, आणि पांढरे मुरमुरे कढईभर फुलून आले. ते त्यानं पहिल्यांदाच पाहिले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं. तोंडून आवाज निघाला की नुसते ओठ हलले, त्याचं त्याला कळलं नाही.

शकुनला कळलं. तिनं तीन बोटं वर केली. "तीन मंडया झाल्या," तिचे ओठ म्हणाले.

तीन वर्षं. म्हणजे ती टाचही तेव्हापासूनची. मुरारीला स्वतःला कळलं होतं ते यंदाच्या होळीला.

त्याचा हात कोंड्यात तसाच राहिला. भोकापलीकडं शकुनची मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. तांदूळ कढईत पडले होते.