बशीतला चहा

“आवाज करा, बाईसाहेब. भुरका शेजारी ऐकू गेला पाहिजे.”

झिनायदाने बशी ओठांना लावली. चहा हनुवटीवरून ओघळला. दातांत साखरेऐवजी सुकलेल्या बिटाचा तुकडा धरला होता, तोही निसटला.

“मला नाही जमायचं, पेलागेया.”

“न जमून कसं चालेल? आणि मला ताई म्हणायचं.”

याच कोस्त्रोमा शहरातून पहिल्या रोमानोवला रशियाच्या गादीवर बसायला नेलं होतं. पाच वर्षांपूर्वी घराण्याची तीनशे वर्षं साजरी झाली, तेव्हा झिनायदा इथेच महाराणीच्या झग्याचा घोळ सांभाळत उभी होती आणि तिची दासी पेलागेया तिच्या मागे. आता क्रांती झाली; राजा गेला, राणी गेली. राणीच्या मागे उभं राहिलेल्यांना हुडकून गोळ्या घालणं चाललं होतं.

शहराबाहेरच्या एका खोलीत दोघी विधवा बहिणी म्हणून राहत होत्या. बटाटे खणून झिनायदाचे हात खेडुतासारखे झाले होते. चहाचं तेवढं राहिलं होतं. पेलागेयाचाही उभा जन्म महालात गेलेला. खेड्यात आई कशी प्यायची ते आठवून आठवून ती शिकवत होती.

रविवारी नव्या सरकारचा झडतीवाला ग्लोतोव आला. पेटीपेटारा काही उघडला नाही. चहाच्या समोवारपाशी बसला आणि खिशातून साखरेचे तीन खडे काढून टेबलावर ठेवले.

“दोघींपैकी एक दरबारातली आहे, असं कानावर आलंय,” तो हसत म्हणाला. “असो. चहा तर घेऊ.”

 पेलागेयाची नजर झिनायदावरून हलेना. झिनायदाने खडा दातांत धरला, चहा बशीत ओतला आणि भुरका मारला. थेंबही सांडला नाही. पेलागेयाचा जीव भांड्यात पडला. मग कुठे तिने आपली साखर ढवळली आणि कप उचलला.

ग्लोतोव उठून झिनायदाच्या मागे येऊन उभा राहिला.

“झकास पितेस. माझी आई अशीच प्यायची.” मग तो पेलागेयाकडे वळला. “चला, सरदारीणबाई. खडा कपात टाकून, चमचा न वाजवता ढवळायला कुठल्या खेड्यात शिकवतात?”

 पेलागेया नुसती झिनायदाकडे पाहत राहिली.

झिनायदाने उरलेला चहा बशीत ओतला आणि शेजारी ऐकू जाईल असा भुरका मारला.