ब्रिनलीचे केस

दर मार्चला आमच्या गावच्या फायर स्टेशनात लोक लहान मुलांच्या कॅन्सर संशोधनासाठी देणग्या गोळा करतात आणि बदल्यात माझ्याकडून डोक्याचा चकोट करून घेतात. यंदा त्याच आजारातून उठलेली गावातली छोटी ब्रिनली माझ्या खुर्चीत येऊन बसली.

"ए, ऊठ तिथनं! आमच्या देणग्यांवर उगवलेत ते केस!" फायर चीफ वेंडेल आपल्या ताज्या टकलावरून हात फिरवत ओरडला. सगळा हॉल हसला. तिची आई तेवढी पाठ फिरवून सूपच्या पातेल्यात डाव हलवत राहिली.

मी वाकून विचारलं, "खरंच काढू, बाळा?"



"काढ गं, लोर्ना मावशी. सोमवारी माझी केमो परत सुरू होतेय, तसेही गळणारच. आज निदान टाळ्या तरी मिळतील."