गमबूटभर पाणी
नव्या वसाहतीच्या मंजुरीची बैठक रंगात आली होती. "पावसाचं पाणी नाल्यात सोडू, जाईल कुठेतरी," बिल्डर म्हणाला. अध्यक्षांनी सहीसाठी पेन उघडलं. तेवढ्यात पालिकेच्या ड्रेनेज इंजिनिअरबाई गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आल्या. "मॅडम, उशीर केलात!" अध्यक्ष म्हणाले. "साहेब, पाणी जातं कुठे, ते बघत होते," म्हणत त्यांनी गमबूट काढून टेबलावरच्या वसाहतीच्या नकाशावर ओतला. काळं, तेलकट पाणी पसरलं. "या बिल्डरसाहेबांनी आधी बांधलेल्या इमारतींच्या पार्किंगमधलं. हेच खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरतंय." बाईंचे साठपानी अहवाल कधी कुणी उघडले नव्हते, हा सगळ्यांनी मन लावून वाचला. पाणी टेबलावरून बिल्डरच्या मांडीकडे निघालं. त्याने चटकन खुर्ची मागे ओढली. "शहाणे आहात," बाई म्हणाल्या, "वस्तीला विहीर अशी सरकवता येत नाही." बिल्डरने रुमाल शोधत विचारलं, "मॅडम, पाणी गाळायला तळं केवढं लागेल?" "नकाशातल्या तुमच्या क्लबहाऊसएवढं."