आधीच्या घरमालकिणीचा दाखला

रकाना चौथा: आधीच्या घरमालकाचं नाव.

इथवर आलं की तिचं पेन थांबायचं. याआधी तीन घरांत थांबलं होतं, आणि तिन्ही दारं अगदी गोड हसून बंद झाली होती. आधी कधी भाड्याने राहिलाच नाहीत? मग तुमच्याबद्दल आम्हाला सांगणार कोण?

ही चौथी घरमालकीण. खाली स्वतः राहायची, वरचा मजला द्यायचा होता. लॅबच्या पाहुण्यांच्या खोलीतला मुक्काम शनिवारी संपत होता. शनिवारपर्यंत पक्का पत्ता दाखवला नाही तर नोकरीही संपत होती. नोकरी कवळ्या घडवण्याची. महिन्याभरात तिच्या हातून नव्वद कवळ्या गेल्या, एकही परत आली नव्हती. पण कवळ्या काही दाखला देत नाहीत.

तिने पेन टेकवलं आणि सासूबाईंचं नाव लिहिलं. घर त्यांच्याच नावावर होतं. खोटं काहीच नव्हतं.

"या कोण तुमच्या?"

"घरमालकीण. अकरा वर्षं." मग तिला राहवेना. "आणि सासू."

घरमालकिणीने चष्मा कपाळावर सरकवला. "आई असती तर फोनच लावू नका म्हटलं असतं. सासू चालेल. लावा."

लावायचा कसा? ती निघाली त्या दिवशी सासूबाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. गेल्या पाच आठवड्यांत एकदाही फोनवर आल्या नव्हत्या.

फोन नवऱ्याने उचलला. अडचण ऐकली आणि "आई, तुझी साक्ष हवीय," म्हणत आत गेला. पडद्यावर छत, पंखा, दाराची चौकट. मग सासूबाई. ओठ घट्ट मिटलेले.

"आई, यांना आपली भाषा येत नाही. या विचारतील ते मी तुम्हाला सांगते. तुम्ही म्हणाल ते यांना सांगते."

"म्हणजे कोर्टही तूच आणि वकीलही तूच. विचार."

रकाना सहावा: आवाजाचा त्रास?

"आवाज? पहाटे पाचला हिची भांडी सुरू. मेलेला माणूस उठून बसेल, एवढा दणका."

"थोडा आवाज होतो म्हणतात," तिने सांगितलं.

"मी एवढं बोलले आणि तू तीन शब्दांत उरकलंस? भांडी सांग. मेलेला माणूस सांग."

तिने सांगितलं. भांडी, पाच वाजता, मेलेला माणूस. घरमालकिणीने सगळं लिहून घेतलं.

रकाना सातवा: जागेचं नुकसान?

"ओट्याची फरशी फोडली. मग स्वतःच नवी बसवली. कोपरा अजून वाकडा आहे, मी रोज बघते."

हेही तिने जसंच्या तसं सांगितलं. आता सांगायला उरलंच काय होतं? तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. उठायचीच तयारी.

घरमालकिणीने पान उलटलं. "नोकरी नवी आहे. टिकेल का, ते विचारा. काम येतं ना हिला?"

तिने विचारलं. स्वतःबद्दलच, खाली मान घालून.

तिने मान वर केली तर पडद्यावर सासूबाईंची पाठ होती. त्या म्हणत होत्या, "तू जरा बाहेर हो." नवरा "का?" म्हणाला. "हो म्हटलं ना!" दार लागल्याचा आवाज आला. मग सासूबाई वळल्या.

गाल आत गेलेले. वीस वर्षांनी जास्त म्हाताऱ्या दिसत होत्या. ओंजळीत वरची कवळी होती. पोटच्या मुलांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते एका सुनेनेच, दाराला आतून कडी लावून माप घेताना.

सासूबाईंनी कवळी कॅमेऱ्यासमोर धरली. पुढून. मागून. मग पालथी करून.

"आठ वर्षं," त्या म्हणाल्या. शब्द हवेतच सांडत होते. "एक दात हलला नाही. शेंगदाणे खाते मी, शेंगदाणे!"

ती भाषांतराला तोंड उघडणार, तोच घरमालकिणीने हात वर केला. "राहू दे. दिसतंय मला." आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन ती पडद्यावर वाकली. चांगला वेळ बघत राहिली.

सासूबाईंनी तोंड फिरवून कवळी बसवली. आवाज पुन्हा धारदार झाला. "आणि हेही सांग, याच दातांनी मी तुला रोज घालूनपाडून बोलते. त्यालाही पुरून उरलेत."

तिने हेही सांगितलं. घरमालकीण एवढी हसली, की तिला पेन खाली ठेवावं लागलं.

शेवटचा रकाना. जागा सोडल्याची तारीख.

हे काय विचारायचं? "गेल्या महिन्याची दोन," ती स्वतःच सांगू लागली.

"काय विचारतात गं?"

"काही नाही, आई. मी जागा कधी सोडली, एवढंच."

"सोडली?" सासूबाईंचा चेहरा पडदाभर झाला. "कुणी सोडली? तुझ्या कपाटाला मी तुझ्या नवऱ्यालासुद्धा हात लावू देत नाही. सोडली म्हणे! कामाला गेलीय म्हणावं. कामाला गेलेल्या माणसाची कुणी तारीख लिहितं का?"

आणि फोन बंद.

घरमालकीण पेन धरून थांबली होती. "मग? काय लिहू?"

तिने पर्स खाली ठेवली. पाठ ताठ केली.

"लिहा, कामाला गेलीय."

चौकट तारखेपुरतीच आखलेली. शब्द तिच्यात मावेनात. घरमालकिणीने ते सरळ समासात नेले, खाली सही ठोकली आणि वरच्या मजल्यावर दिव्यांची बटणं कुठे आहेत ते दाखवायला उठली.